पितृपक्षात गोडाऊन झाडून घे

आधी ते शटर पूर्ण वर घे बघू, म्हणजे तू भाड्यानं काय घेतलंयस ते मला नीट दिसेल. शिवमंदिर रोडला पार्सलांसाठी गाळा मिळाला म्हणून घरी पेढे आणलेस, तेव्हाच मी मनात म्हटलं, भाडं विचारायचं नाही, दारं किती ते विचारायचं. एकच आहे. हे काही बरं नाही.

तू तीनेक वर्षांचा असशील. महाशिवरात्रीला तुला कडेवर घेऊन मी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले होते. आपला गाभारा खोल आहे, पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावं लागतं. दर्शन घेऊन वर येणारे आणि खाली उतरणारे, दोघांना वाट तीच. रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेलेली, पण त्रास रांगेत नव्हता. वर येणारा आणि खाली जाणारा समोरासमोर आले की तिथं सगळं अडायचं, आणि तू भोकाड पसरायचास. शके 982 चं बांधकाम, म्हणजे इसवी सन 1060. वालधुनीच्या काठी एक दिवस एवढी माणसं लोटतील हे शिलाहारांच्या कारागिरांना कुठून कळणार? तुला मात्र कळलेलं आहे. पहाटे भिवंडीच्या गोदामाची गाडी माल उतरवत असताना तुझे रायडर त्याच दारात पिशव्या भरायला उभे राहिले, की तुझ्या गाभाऱ्याच्या पायऱ्या तुंबल्या म्हणून समज. मालकाला विचारून मागची भिंत फोडता येते का बघ. नाही म्हणाला तर वेळा तोड. पाच ते साडेसात माल आत, आठ ते नऊ माल बाहेर, मधल्या अर्ध्या तासात फक्त सॉर्टिंग. गाडीला उशीर झाला, आणि दुर्गाडीच्या पुलाकडे वाहनं अडकली की तो होणारच, तरी तयार रायडरला तिच्यासाठी थांबवायचं नाही. आहे तो माल घेऊन त्याला पाठव.

हे सगळं मी आत्ता, पितृपक्षात सांगतेय, कारण पुढे तू ऐकण्याच्या स्थितीत नसशील.

लोक म्हणतात सीझन दिवाळीचा. टपालात बत्तीस वर्षं काढल्यावर मी तुला सांगते, सीझन घटस्थापनेला फुटतो. पितृपक्षात आपल्याकडे नवी वस्तू घ्यायची नाही म्हणून लोक मोबाईल, मिक्सर, साड्या नुसत्या बघून ठेवतात. घट बसले की सगळे एकदम बटण दाबतात. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती आणि दोन मोठ्या वेबसाइट्सचे सेल दुसऱ्याच दिवशी उघडले. त्यांना पंचांग बरोबर कळतं. म्हणजे पहिली लाट नवरात्रात, जड मालाची. दुसरी लाट धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात, कपडे, दिवे, भेटवस्तू. मधे कोजागरीच्या आसपास चार दिवस पाणी ओसरतं. त्या चार दिवसांत पोरांना आळीपाळीनं सुट्टी दे आणि कोपऱ्यात साचलेलं परतीचं सामान रवाना कर. ते चार दिवस जो झोपून काढतो तो दुसऱ्या लाटेत बुडतो.

मोठ्या कंपन्यांनाही हे मार खाऊनच कळलंय. 2014 च्या 6 ऑक्टोबरला फ्लिपकार्टनं पहिला बिग बिलियन डे केला, दसरा तीन दिवसांपूर्वी झाला होता. एवढी झुंबड उडाली की साइट कोलमडली, ऑर्डरी रद्द झाल्या आणि संस्थापकांना दुसऱ्या दिवशी ग्राहकांची माफी मागावी लागली. अमेरिकेत 2013 च्या नाताळात यूपीएससारख्या शंभर वर्षांच्या कंपनीची पार्सलं नाताळ उलटून गेल्यावर पोहोचली. त्या वर्षी खरेदीचे दिवस कमी होते, हवा वाईट होती आणि लोकांनी शेवटच्या क्षणी ऑर्डरी दिल्या. त्यानंतर त्यांनी काय केलं? हंगामी माणसं घेतली हे तर खरंच, पण पुढे गर्दीच्या दिवसांत जादा आकार लावला आणि मोठ्या दुकानदारांना सांगायला लागले की आज तुमचा एवढाच माल उचलू. यातलं हे शेवटचं ध्यानात ठेव. गर्दीत टिकतो तो, ज्याला आपल्या गाळ्यात किती मावतं ते माहीत असतं. तुला भिवंडीहून फोन येईल, 'आज दोनशे जास्तीची पाठवू का?' तुझे सात रायडर जेवढं देऊ शकतात त्याच्यावर दहावीस ठीक. दोनशे घेतलीस तर उद्याची चारशे त्यांच्यावर येऊन पडतील, आणि खाली दबलेलं पहिल्या दिवसाचं पार्सल तुला दिसणारही नाही. नाही म्हणायला शीक. तुझ्या बापाला ते कधी जमलं नाही, म्हणून वेगळं सांगते.

आता सॉर्टिंग. यात मी हयात घालवली, तेव्हा जरा जास्त बोलेन.

तू मला काल दाखवलंस ते सॉर्टिंग नव्हतं, ते वाटप होतं. अंबरनाथ पूर्वचा ढीग उचलायचा आणि तीन पोरांत तिसरा हिस्सा करायचा. आमच्याकडे भिंतीला लाकडी खणांचं कपाट असायचं, कबुतरखान्यासारखं. टपाल आधी बीटप्रमाणे लागायचं, मग पोस्टमन आपापल्या बीटचं टपाल घेऊन पुन्हा लावायचा, या वेळी स्वतःच्या पायांच्या क्रमानं. पहिली इमारत वर, शेवटची खाली. बघणाऱ्याला वाटे, हे लोक बसून पत्ते पिसतायत. अर्धा तास त्यात जाई. पण बाहेर पडल्यावर हात पिशवीत गेला की हवं तेच वर येई.

हिशेब कर. रायडरकडे ऐंशी पार्सलं आहेत. प्रत्येक दारात त्यानं पिशवीत उलथापालथ करून दोन मिनिटं शोधलं, तर एकशे साठ मिनिटं झाली. जवळजवळ पावणेतीन तास तो बिचारा रस्त्यात उभा राहून आपलीच पिशवी धुंडाळतोय. मग तू म्हणतोस पोरं हळू आहेत, आणखी दोन घेऊ. दोन कशाला, अर्धा तास घे.

पार्सलावर जाड मार्करनं मोठा आकडा टाक, त्या रायडरच्या वाटेतला त्याचा नंबर. लेबलवरची बारीक अक्षरं उन्हात दिसत नाहीत. भरताना मोठा नंबर तळाला, एक नंबर वर. टीव्ही, कुकरचे खोके, खुर्च्या हे मोटरसायकलवर लादू नकोस, त्यासाठी एक छोटा हत्ती टेम्पो दिवसभर फिरवायचा आणि त्याची वाट वेगळी आखायची. रूळ ही नदी समज. पूर्वेचा माणूस पश्चिमेला पाठवायचा नाही, एका पार्सलासाठी पुलावरून जाऊन येण्यात चार पार्सलांचा वेळ जातो. कल्याण-बदलापूर रस्त्यावर आधी डाव्या हाताची सगळी घरं-दुकानं संपवायची, मग लांबून वळून दुसरी बाजू. मघाशी म्हटलं ना यूपीएस, ते लोक तिकडे गाड्या उजवीकडून चालवतात म्हणून डावं वळण टाळतात. आपण उजवं टाळायचं. समोरून येणाऱ्या वाहनांत खोळंबून राहण्यात पेट्रोल जातं, कधी पायही जातो.

आता माझी चूक ऐक. कार्यालयाचं नाव सांगत नाही. राखीचे दिवस होते, नारळी पौर्णिमेला दोन दिवस राहिलेले. राखीची पाकिटं जाडजूड, खणात नीट बसत नाहीत. मी घाईत कोंबली. पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी झाडलोट करताना कपाटाच्या मागून एक पाकीट खाली पडलं. गुलाबी, कडेला जिलेटिनची पट्टी, आत गोंडा हाताला लागत होता. पत्ता बदलापूरचा, एका हवालदाराचा. मी ते स्वतः नेऊन दिलं. त्यांनी काही म्हटलं नाही. दारात उभ्या उभ्या उघडलं, पोस्टातल्या बाईकडूनच राखी बांधून घेतली आणि मला पाणी विचारलं. मी घरी येऊन रडले. तेव्हापासून माझा नियम आहे, तुझाही असू दे. रात्री शटर ओढण्याआधी टॉर्च घेऊन खाली वाकायचं. रॅकच्या मागे, टेबलाखाली, रिकाम्या पोत्यांत हात घालून बघायचं. रिकामं पोतं उलटं करून झटकल्याशिवाय घडी घालायची नाही.

पत्त्यांचं बोलू. पिनकोडवर विश्वास ठेव, पण डोळे झाकून नको. तो आपल्याच माणसानं दिलाय, श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून जिल्ह्याच्या सॉर्टिंगपर्यंत नेतात, शेवटचे तीन थेट टपाल कार्यालयापर्यंत. आपल्याकडे 421 सगळ्यांचं सारखं. खरी माहिती शेपटात. 421501 अंबरनाथ, 421503 बदलापूर, आणि 421001 ते 421005 उल्हासनगरचे कॅम्प. आता गंमत बघ, शिवमंदिराच्या मागच्या अंगाला कॅम्प पाच लागून आहे. तिथले लोक हवा तो पिन टाकतात. यंत्र पिन वाचून पार्सल दुसऱ्याच गाळ्यात पाठवतं, आणि ते दोन दिवस अर्ध्या किलोमीटरच्या अंतरावर येरझाऱ्या घालत बसतं. असे पत्ते एका वहीत उतर. मोबाईलमध्ये नको, वहीत. मोबाईल रायडरबरोबर नोकरी सोडून जातो.

उल्हासनगर तर वेगळंच प्रकरण. तिथं गल्लीचं नाव कुणी सांगत नाही. बराक नंबर, रूम नंबर, सेक्शन, कॅम्प. महायुद्धात कल्याणची लष्करी छावणी होती ती, त्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि 8 ऑगस्ट 1949 ला तिचं उल्हासनगर झालं. फौजेनं घातलेले नंबर लोकांनी पत्ते म्हणून धरून ठेवले. आज बराक पडून चार मजली इमारत झालीय, नंबर तोच. नकाशा म्हणतो 'पोहोचलात', आणि समोर नाला. तिथं मोबाईल खिशात घालून पानवाल्याला किंवा कपड्यांना इस्त्री करणाऱ्याला बराक नंबर विचारायचा. दारात बसलेल्या म्हातारीला दादी म्हणायचं, ती शेजारच्या चार घरांची पार्सलं ठेवून घेते. पण दर वेळी घेणाऱ्याला फोन करून विचारायचं, 'दादीकडे ठेवू का?' न विचारता ठेवलेलं पार्सल भांडणाचं मूळ असतं. आणि गजानन मार्केटात धनत्रयोदशीच्या आठवड्यात संध्याकाळी पाऊलही टाकू नकोस. दुकानदाराला गिऱ्हाईकापुढे तुझा ओटीपी दिसत नाही. सकाळी शटर उघडताना गाठ.

बदलापूर याच्या उलटं. तिथं दुपारी बेल वाजवायची आणि कुलूप बघून यायचं. पहाटेची लोकल पकडणारी माणसं ती, रात्री आठ-नऊला परततात. तुझा रायडर सकाळी अकराला जाऊन 'घर बंद' मारतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला जातो, तिसऱ्या दिवशी पार्सल परत. तीन फेऱ्यांचं पेट्रोल आणि हातात भोपळा. बदलापूरला संध्याकाळी सात ते दहा अशी एक वेगळी पाळी लाव, आणि रविवार तर सोन्याचा. एमआयडीसीचा माल मात्र सकाळीच, जेवणाच्या सुट्टीआधी, गेटवरचा माणूस जागेवर असतो तोवर. बघ, म्हणजे एकाच गाळ्यातून तीन गावांची तीन घड्याळं चालवायची आहेत तुला.

आणि न जाता 'घर बंद' मारायचं नाही. हे मी धमकी म्हणून सांगते. दिवाळीत पोरं थकतात, रात्री उरलेल्या पार्सलांवर बसल्या जागी खोटा शेरा मारतात. गिऱ्हाईक घरातच बसलेलं असतं. नाही झालं तर सरळ फोन करायचा, 'ताई, आज जमलं नाही, उद्या नक्की.' लोक उशीर सोसतात. माझ्या काउंटरवर शिव्या मिळाल्या त्या बहुतेक खोट्या शेऱ्यांपायी.

पैशांचं. तुम्हाला वाटतं कॅश ऑन डिलिव्हरी तुमच्या ॲपवाल्यांनी शोधली. आमची व्ही.पी. 1877 ची. वस्तू पोस्टमननं द्यायची, पैसे घ्यायचे, ते पाठवणाऱ्याला पोहोचवायचे. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर अश्विनात अंकांचे गठ्ठे टपालाच्या पोत्यांत शिरले. माझ्या वेळेपर्यंत व्ही.पी.नं अंक मागवणारे होते. पोस्टमन दारात गेला की उत्तर ठरलेलं, 'बोनस झाल्यावर या.' हुशार पोस्टमन कारखान्यांच्या बोनसच्या तारखा विचारून ठेवायचे आणि त्यानंतरच व्ही.पी.ची पाकिटं बाहेर काढायचे. तू बोनसची वाट बघू शकत नाहीस, पण सकाळी एक मुलगी फोनवर बसव. सीओडीच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारायचं, 'आज घरी आहात? पैसे तयार आहेत?' नाही म्हणाला तर ते पार्सल पिशवीत चढवायचंच नाही. रायडरला सुटे दे, तरी क्यूआर कोड गळ्यात हवा. पैसे आल्याची खात्री आपल्या मोबाईलवर करायची, गिऱ्हाईकानं दाखवलेल्या स्क्रीनवर नाही. महागडा मोबाईल असेल तर गिऱ्हाईकासमोर खोका उघडून दाखवायचा, मगच ओटीपी घ्यायचा.

परदेशी फराळाचे डबे घेणार म्हणतोस. घे, पण नवरात्रात घे, वसुबारसेला नाही. चकलीच्या डब्यात वर रिकामी जागा राहिली की ती हलून भुगा होते, तेव्हा वरून कागद ठासायचा. बेसनाचे लाडू प्रवास सोसतात, अनारसे नाहीत. काय काय आत आहे ते इंग्रजीत स्पष्ट लिहायचं, नुसतं 'स्वीट्स' नाही. आणि गिऱ्हाईकाला तारखेचं वचन द्यायचं नाही. 2025 मध्ये अमेरिकेनं जकातीचे नियम बदलले, ऑगस्टच्या शेवटी टपाल खात्याला तिकडचं टपाल थांबवावं लागलं आणि ते ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळीच्या तोंडावर सुरू झालं. त्यात ना पोस्टमनचा दोष होता, ना चकलीचा.

नवीन पोरं घ्यायची तर गणपती विसर्जनानंतर लगेच घेतात. तुला उशीर झालाच आहे, तेव्हा उद्याच घे. पहिले आठ दिवस जुन्या रायडरच्या मागे बसवून फिरव, नुसती वाट बघायला. घटस्थापनेला आलेला पोरगा चौथ्या दिवशी पळतो, आणि त्याच्या पिशवीतली पार्सलं कुठे आहेत ते शोधण्यात तुझे दोन जण जातात. पगारापेक्षा दुपारचं जेवण महत्त्वाचं. वडापावावर चालणारा रायडर चार वाजता पडतो. माझ्याकडे डबे करणारी एक बाई आहे, सांगते तिला. ऑक्टोबरात दुपारी ऊन आणि संध्याकाळी अवकाळी सर, दोन्हीसाठी प्लॅस्टिकची मोठी पिशवी प्रत्येकाच्या डिकीत हवी. भिजलेल्या साडीचं कुणी ऐकून घेत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहाला शटर ओढ. भिवंडीनं काहीही सांगू दे. पोरांनाही घरं आहेत.

आणि हा डावीकडचा कोपरा आहे ना, जिथं तू रिकामे क्रेट रचलेस, तो भाऊबीजेआधी मोकळा कर. भाऊबीज झाली की परतीचा माल सुरू होतो. ब्लाऊज घट्ट, रंग वेगळा, भावानं आणलेला मिक्सर घरात आधीच होता. जाणाऱ्या मालात तो मिसळला तर तुझं सगळं सॉर्टिंग मातीमोल. परतीच्या पार्सलाला आम्ही आडवी सुतळी बांधायचो, म्हणजे अंधारातही हाताला कळे. मी घरून एक गोळा आणलाय. तो अडकवायला खिळा जरा वर ठोक, माझा हात पोहोचेल एवढाच.